माइकातून अण्णा निघाले

प्रिय बाळ्या,

उशीर झाला वगैरे काही म्हणत नाही, तूही लिहिलेलं नाहीयेस, तेव्हा फिट्टंफाट. तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत, पुढचं वाच.

मी गोष्टी वाचून रेकॉर्ड करायला घेतल्यात हे तुला फोनवर बोललो होतो आणि तू खिंकाळला होतास. तर परवा पहिली गोष्ट पूर्ण झाली, हेडफोन लावून ऐकायला बसलो आणि दुसऱ्याच वाक्याला मी चक्क सरळ होऊन बसलो रे. अण्णा! हुबेहूब. जिन्यात उभे राहून "काय चाललंय तिथे?" म्हणायचे ना, तोच धारदार सूर, तेच कानात टोचणारे स आणि श. हिला ऐकवलं तर म्हणाली छान आहे की, स्वच्छ येतंय. हिने अण्णांना ऐकलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. तो जिन्यातला आवाज ऐकलेले आता तू आणि मीच उरलो, आणि तू तर त्यांची नक्कल करताना त्यांच्याच हाती सापडलेला माणूस.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा, डार्क माइक पाहिजे. म्हणजे वरची झिलई कमी, खालचं भरीव, पण कुंद नाही. आणि परवडणारा, कारण ह्या छंदावर किती गेले असं विचारणारी व्यक्ती घरातच राहते.

माझ्याकडचा माइक स्वस्तातला कंडेन्सर आहे, म्हणजे विजेवर चालणारा, बारीकसारीक पकडणारा. आता कळलेली गंमत ऐक. नॉयमन कंपनीने १९६० च्या सुमारास यू६७ नावाचा माइक काढला, त्याच्या कॅप्सूलचा (म्हणजे आवाज पकडणाऱ्या आतल्या चकतीचा) वरचा आवाज मुळातच चढा होता, पण आतल्या सर्किटमध्ये तो परत खाली ओढायची सोय केलेली होती. पुढे स्वस्त माइकवाल्यांनी त्या धाटणीची कॅप्सूल उचलली आणि बऱ्याच जणांनी ती सोय गाळली. राहिला नुसता चढा आवाज. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं वा, काय क्लिअर! अर्धा तास ऐकलं की डोकं उठतं.

मग सगळे सांगतात तसं वाटलं की डायनॅमिक घ्यावा, म्हणजे चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणारा; डायनॅमिक म्हणजे डार्क. कसलं काय. शुअरचा एसएम५८ बघ, १९६६ पासून स्टेजवर राज्य करतोय, पण कुठला सूर किती जोरात येतो त्याचा आलेख काढून बघितला तर दोन हजार हर्ट्झनंतर रेघ वर चढते आणि पाच-सहा हजारांच्या आसपास चांगलं टेंगूळ आहे, गाणाऱ्याचे शब्द बँडमधून वर यावेत म्हणून मुद्दाम ठेवलेलं. माझा स तिथूनच तर सुरू होतो! अगदी वरची चमक त्याच्यात नाही, तोंड जवळ नेलं की खर्ज फुगतो, म्हणून लोकांना तो डार्क वाटतो. शुअरच्याच एसएम७बी ची रेघ जास्त सपाट आहे, पण त्याला गेन (म्हणजे आवाज वाढवणं) साठ डेसिबलच्या घरात लागतो, माझा इंटरफेस, म्हणजे माइक कंप्युटरला जोडणारी पेटी, तिथवर गेला की पावसासारखा सूं करायला लागतो, शिवाय तो परवडणाऱ्यात बसतच नाही.

(कॅसेट. हो, तीच. इतकी वर्षं तू म्हणतोस मी पुसली. लेका, रेकॉर्डचं बटण तुझ्या बोटाखाली होतं, मी फक्त "बघ चालतंय का" म्हणालो होतो. अण्णांचा आवाज असलेली तेवढी एकच कॅसेट होती आणि आता तो फुकटात माझ्याच तोंडून येतोय, घे.)

राहिला रिबन माइक. दोन चुंबकांच्या मधे कागदाहून कितीतरी पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, बस. वरचा आवाज आपसूक हळूहळू उतरतो, स टोचत नाही, आणि स्वस्तातलेही मिळतात आता. पण तो पुढून ऐकतो तितकंच मागूनही ऐकतो, म्हणजे माझ्या पाठीमागची नव्हे, त्याच्या पाठीमागची भिंत रेकॉर्ड होणार. तिथे गोधडी टांगली तर गोधडी वरचेच सूर खाते, खालचा घुमारा तसाच, खोक्यात बसून बोलल्यासारखं येतं. आउटपुटही मरतुकडं, त्यामुळे मधे वीस-पंचवीस डेसिबल वाढवणारी डबी घ्या, आणि डबी घेतली की माइक स्वस्त कसला?

म्हणून काल एक फुकटचा उद्योग केला. आहे तोच माइक हनुवटीच्या खाली नेला, त्याचं तोंड थोडं छातीकडे केलं आणि तीस-चाळीस अंश तिरका फिरवला. वरचे सूर तोंडातून सरळ पुढे जातात, आणि मोठ्या कॅप्सूलला बाजूने ते कमीच ऐकू येतात. वर आठ हजारांपुढे तीन डेसिबल उतरवले. आणि अण्णा गेले रे. खरंच गेले. मऊ, शांत, कोणीतरी सभ्य गृहस्थ वाचतोय.

पण गोष्टीत एक सावकार आहे. तो दारात येऊन ओरडतो ते वाक्य आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये असलं भारी आलंय, आणि ह्या नव्यात तो सावकार उधारी मागतोय की पाणी, समजत नाही. आता रिबन घेतला तर तो कायमचाच गृहस्थ होणार. इथे अडकलोय. हिला विचारून उपयोग नाही, तिला दोन्ही छानच वाटतात, आणि आपल्या जाड्याला विचारलं तर तो सगळ्यात महाग माइकचं नाव सांगणार.

तुझं काय? शिफ्टिंग झालं का? धाकटीचा निकाल लागला असेल, कळव. वहिनींच्या पाठीचं काय म्हणाले डॉक्टर? तू बढती नाकारलीस हे मला बाहेरून कळलं, त्याबद्दल फोनवर भांडू.

सोबत दोन फाइली पाठवतोय, कुठली कुठल्या पद्धतीची ते सांगत नाही. सावकाराचं वाक्य दोन्हीत आहे. हेडफोनवर ऐक, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नकोस. आणि तुझ्या भाच्याकडे रिबन पडून आहे म्हणालास ना, तो मिळाला तर आठवडाभर वापरून बघतो. फक्त माइकच पाठव, तू सोल्डर केलेली ती केबल नको. वायरिंग बरोबर असेल तर बहुतेक रिबनना फँटमचे, म्हणजे केबलमधूनच माइकला जाणाऱ्या विजेचे, ४८ व्होल्ट बाधत नाहीत म्हणे, पण एखादी तार चुकली तर पट्टी ताणून बसते, आणि तुझं सोल्डरिंग मी बघितलंय.

तुझाच,
बंडू