‘हुशार, कष्टाळू व आज्ञाधारक’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की पेपरात क्लासवाल्यांच्या पानभर जाहिराती येतात. पासपोर्ट फोटोंच्या रांगा, खाली पर्सेंटाइल. त्यांत माझेही काही विद्यार्थी असायचे, कॉलेजचं नाव मात्र कुठेच नसायचं. त्याचा राग नाही. लालबाग-परळकडच्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झाले. परीक्षेचा सराव क्लासवाले आमच्यापेक्षा चांगला करून घेतात, हे मला मान्य आहे. पण मोठ्या विद्यापीठाचं दार उघडायला मुलाला ओळखणारं कुणी लागतं आणि मुलाचे कागद ओळखणारंही. हे काम वर्गावरच्या शिक्षकाचं. त्यात मी दोन्हीकडे चुकले आहे, म्हणून लिहिते.

2009 साली बारावीत चिंचपोकळीच्या चाळीतला एक मुलगा होता. सलग तीन आठवडे रोज सकाळी बस स्टॉपवर उभं राहून त्याने बसच्या वेळा वहीत टिपल्या. दोन बसमधलं सरासरी अंतर बारा मिनिटं निघालं. म्हणजे सरासरी सहा मिनिटं थांबावं लागायला हवं. त्याला मात्र नऊच्या आसपास थांबावं लागत होतं. “मॅडम, माझं नशीब फुटकं की गणित?” असं विचारत तो स्टाफरूमच्या दारात आला. उत्तरही दोन दिवसांनी त्यानेच आणलं. बस एकीला खेटून दुसरी अशा येतात, मग मोठा खंड पडतो. आपण स्टॉपवर पोचतो ते बहुधा त्या मोठ्या खंडातच, कारण दिवसातला जास्त वेळ त्याने खाल्लेला असतो. बारावीच्या पुस्तकात हे कुठेही नाही.

त्याच वर्षी परदेशातल्या एका विद्यापीठाच्या अर्जासाठी त्याने माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं. बोर्डाचे पेपर तपासायला आलेले, मला घाई. जुन्या पत्राची फाइल उघडली, नाव बदललं आणि सही ठोकली: हुशार, कष्टाळू व आज्ञाधारक. इंग्रजीत, तीन ओळी. त्याला प्रवेश मिळाला नाही. कारणं दहा असतील, माझं पत्र हेच कारण असं मी म्हणत नाही. पण निवृत्त होताना कपाट आवरलं तेव्हा त्या पत्राची प्रत हाती लागली. वर्गातल्या साठातल्या कुणालाही ते चाललं असतं. बसच्या वहीचा त्यात एक शब्द नाही. आणि आज्ञाधारक? तो तर माझ्याशी भर वर्गात वाद घालायचा!

म्हणून नव्या शिक्षकांना माझं सांगणं आहे की एक वही ठेवा. कुणी काय विचारलं, कुणी वेगळ्या रीतीने सोडवलं, कोण घरची दुकानदारी सांभाळून येतं, त्याची जागच्या जागी एक ओळ. पत्र लिहायची वेळ येते तेव्हा आठवण दगा देते. शिवाय मुलालाच बसवून विचारा, तुझ्याबद्दल मी काय सांगावंसं तुला वाटतं? आपली मुलं स्वतःबद्दल बोलायला लाजतात. ‘मी’ने सुरू होणारं वाक्य त्यांना आगाऊपणा वाटतं.

आता कागद. माझ्या वर्गातल्या एका मुलीने इंजिनिअरिंगच्या जेईई प्रवेश परीक्षेच्या अर्जात ‘जनरल’वर टिक केली. का, तर केंद्राच्या अर्जात एनटीची, म्हणजे भटक्या जमातींची, चौकटच नव्हती. ती वंजारी. राज्यात एनटी-ड, पण केंद्राच्या यादीत ओबीसी. हे तिला माहीत नव्हतं, तिच्या वडिलांना नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. कळलं तेव्हा जून उजाडला होता. शिवाय तिथे राज्याचा नॉन-क्रीमीलेअर दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तोही त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला. राज्याचा दाखला तीन वर्षांपर्यंत चालतो, त्यामुळे पालक निर्धास्त असतात. त्यात मुंबईतल्या बहुतेक घरांचे जातीचे पुरावे गावाकडे. तेव्हा बारावीतल्या मुलांना दिवाळीत गावी जातानाच सांगावं की आजोबांच्या शाळेचा दाखला काढून आणा. परीक्षेच्या तोंडावर बीडला कोण जाणार?

कॉमर्सवाल्यांचं दार तर त्याहून आधी बंद होतं. अकरावीला एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) की मॅथ्स, हे पोरं मैत्रिणीने काय घेतलं ते पाहून ठरवतात. एसपीला मार्क पडतात, हे खरं. पण दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत गणित द्यावं लागतं, आणि बारावीला जो विषय घेतला त्याचाच पेपर तिथे धरतात. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट या संख्याशास्त्राच्या पदवीलाही बारावीला गणित हवंच. पंधरा-सोळा वर्षांचं पोर कॉलेजच्या खिडकीशी उभं राहून हे ठरवतं. तिथे शेजारी टेबल टाकून एक शिक्षक दोन दिवस बसला तरी पुष्कळ होईल. सीयूईटी 2022 पासून सुरू झाली, ती मराठीतूनही देता येते. हे ठाऊक असलेले मराठी माध्यमाचे पालक मला आजवर फार भेटलेले नाहीत.

सायन्सच्या मुलांचीही तऱ्हा अशीच. क्लासचं राजस्थानातलं कोटा माहीत, इथलं कलिना नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात अणुऊर्जा विभागाच्या साथीने चालणारं मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे. बारावीनंतर पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी., प्रवेश नेस्ट परीक्षेतून, त्याच परीक्षेतून भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेलाही. परळहून बसने जाता येईल इतकं जवळ. मीसुद्धा नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतच ते बोर्डावर लिहायला लागले.

शिक्षकांना वेळ कुठे आहे, असं कुणी म्हणेल. खरंच नाही. मतदारयाद्या आम्हीच करायच्या, जनगणना आम्हीच. म्हणून प्राचार्यांना विनंती आहे की एका शिक्षकाचे आठवड्याचे दोन तास कमी करा आणि त्याला फक्त हेच काम द्या: तारखा, दाखले, पत्रं. सगळ्यांनी थोडं थोडं करायचं ठरलं की कुणीच करत नाही, हा स्टाफरूमचा अनुभव.

आणि संपादक महाराज, एक मागणं तुमच्याकडे. फोटोंची पानं छापा, पेपर चालायला हवा. पण अकरावीचे प्रवेश सुरू होतील त्या आठवड्यात एसपी-मॅथ्सची ही गोष्ट एका चौकटीत छापाल का? हवी असल्यास मजकूर मी लिहून देते.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, भांडुप