पुठ्ठ्याच्या यानांतली खरी भीती

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या विज्ञान मालिकांवरचा लेख वाचला. १९५०च्या दशकातल्या अंतराळ मालिकांना त्यात पुठ्ठ्याची याने आणि रबरी राक्षस म्हणत दोन ओळींत निकालात काढले आहे. अंतराळ प्रवासाचे खरे धोके तेव्हाच्या लेखकांना ठाऊकच नव्हते, असाही लेखाचा सूर आहे. तो मला पटला नाही, म्हणून हे पत्र.

मी रसायन कारखान्यात सुरक्षा विभागात ३१ वर्षे नोकरी केली. माणूस बंद जागेत उतरला की काय काय बिघडू शकते, याचा विचार करण्यावरच माझे घर चालले. निवृत्तीनंतर मुलाने काही जुन्या मालिकांच्या डीव्हीडी आणून दिल्या. राक्षस बघायचे म्हणून बसलो आणि वही-पेन घेऊन पुन्हा पहिल्यापासून पाहू लागलो.

बीबीसीच्या ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’चा पहिला भाग १८ जुलै १९५३ रोजी प्रक्षेपित झाला. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक उडायला अजून चार वर्षे होती, पहिला अंतराळवीर गागारिनला जवळपास आठ. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टियर. सहा भाग, तेही लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या स्टुडिओतून थेट. चुकले तर चुकले, पुन्हा घेण्याची सोय नाही. सुरुवातीला बराच वेळ आपण नियंत्रणकक्षातच असतो. तीन माणसांना घेऊन गेलेल्या यानाचा संपर्क तुटलेला आहे. वर गेलेल्या व्हिक्टर कॅरूनची बायको ज्युडिथ त्याच कक्षात कामाला आहे. ती रडत-ओरडत नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहताना मला आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर, भोंगा वाजल्यावर जमणाऱ्या बायका आठवल्या.

यान परत येऊन लंडनमध्ये विम्बल्डनला एका घरावर आदळते. दार उघडते, एकटा कॅरून बाहेर येतो आणि कोसळतो. बाकी दोघांचे पोशाख आत सापडतात, पण रिकामे. पुढे हा माणूस त्याला येत नसलेल्या जर्मन भाषेत बोलू लागतो, कारण हरवलेल्यांपैकी एक जर्मन होता. वर गेले तिघे, परतला एकच, आणि त्या एकात तिघेही आहेत. शेवटी त्याचे वनस्पतीसारख्या प्राण्यात रूपांतर होते, हे खरे. तो वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शिरतो, जिथला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक प्रेक्षकांनी जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी टीव्हीवरच पाहिला होता. तो प्राणी म्हणजे पाने-फांद्या चिकटवलेले हातमोजे. ॲबेच्या मोठ्या छायाचित्राला भोके पाडून नीलने त्यातून स्वतःचे हात पुढे काढले होते. पण शेवट कसा होतो पाहा. यान पाठवणारा शास्त्रज्ञ प्रा. क्वाटरमास बंदुका मागवत नाही. त्या प्राण्याच्या आत उरलेल्या तीन माणसांना तो हाक मारतो आणि माणूस म्हणून प्रतिकार करा अशी विनवणी करतो. हातमोज्यांकडे बोट दाखवून याला बालिश कसे म्हणायचे?

दुर्दैव असे की सहापैकी पहिले दोनच भाग आज शिल्लक आहेत. तेव्हा थेट भाग टिपून ठेवणे म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून घेतलेली फिल्म. दुसऱ्या भागात एक किडा त्या पडद्यावर येऊन बसला आणि कितीतरी वेळ बसून राहिला. तो आजही फिल्ममध्ये दिसतो. दर्जा बरा नाही म्हणून पुढचे चार भाग टिपलेच गेले नाहीत. मला याची फार हळहळ वाटते.

अमेरिकेत ‘द ट्वायलाइट झोन’ सुरू झाली २ ऑक्टोबर १९५९ रोजी. रॉड सर्लिंगने लिहिलेल्या पहिल्याच भागात एक माणूस ओस गावात फिरतो. चुलीवर कॉफी उकळते आहे, राखदाणीत चिरूट जळतो आहे, माणूस मात्र कुठेच नाही. शेवटी तो रस्ता ओलांडण्याच्या खांबावरचे बटण वेड्यासारखा दाबत सुटतो, आणि मग कळते की तो गावात नाहीच. तो हवाई दलाच्या एका बंद पेटीत ४८४ तास, म्हणजे वीस दिवस, एकटा बसलेला अंतराळवीर होण्याचा उमेदवार आहे. चंद्राच्या प्रवासाची ती तालीम आहे. ज्याला तो खांबावरचे बटण समजत होता, ते पेटीतले सुटकेचे बटण आहे. पोटाची भूक भागवता येते, सोबतीची नाही, असे तिथला डॉक्टर सांगतो. यात कुठे आहे रबरी राक्षस?

आणि दीडच वर्षाने, मार्च १९६१ मध्ये, मॉस्कोत अशाच एकांतवासाच्या चाचणीत व्हॅलेंतिन बोंदारेन्को हा चोवीस वर्षांचा उमेदवार भाजून मेला. पंधरा दिवसांच्या चाचणीचा तो दहावा दिवस होता. त्वचेवरचे सेन्सर काढून त्याने स्पिरिटच्या कापसाने अंग पुसले, बोळा टाकला तो नेमका विजेच्या तापत्या शेगडीवर पडला. खोलीत ऑक्सिजन भरपूर, त्यामुळे आग क्षणात पसरली. सोव्हिएत वृत्तपत्रात ही हकीकत छापून यायला १९८६ साल उजाडले. म्हणजे धोक्याबद्दल जे कल्पनेने लिहीत होते ते उघड बोलत होते, आणि ज्यांच्याकडे खरी माहिती होती ते गप्प होते.

माझी सर्वांत आवडती मालिका मात्र ‘मेन इन्टू स्पेस’. १९५९-६० साली सीबीएसवर तिचे ३८ भाग झाले. अमेरिकी संरक्षण खात्याने साहाय्य केले होते आणि दृश्यांची कल्पनाचित्रे चेस्ली बोनस्टेल या चित्रकाराची होती. नाट्य म्हणावे तर कमीच. यानाचा एखादा भाग सुटत नाही, इंधन पुरत नाही, ऑक्सिजन संपत येतो, एवढ्यावर गोष्ट चालते. एका भागात चंद्रावर एकाला हृदयविकाराचा झटका येतो. उड्डाणाचा ताण त्याला सोसणार नाही म्हणून सोबती त्याला पाण्याच्या टाकीत ठेवून आणतात. कुणी खलनायक नाही. परिस्थिती आणि यंत्र, एवढेच.

आमच्याकडे एकदा एक कामगार रिकाम्या टाकीत उतरला. आत नायट्रोजन राहिला होता, म्हणजे श्वासापुरता ऑक्सिजन नव्हता. नायट्रोजनला वास नाही, त्याने ठसका लागत नाही. कामगाराने हाक मारली नाही, धडपड केली नाही. पडलेले काही उचलायला बसावे तसा तो गुडघ्यांवर बसला, बस्स. मॅनहोलपाशी नजर ठेवायला स्टँडबाय माणूस होता, त्याच्या हातात दोरी होती आणि त्याचे लक्ष होते, म्हणून तो कामगार वाचला. त्या दिवसापासून धोका म्हटला की मला आरडाओरडा आठवत नाही, ती शांतता आठवते.

३० जून १९७१ रोजी सोव्हिएत यान सोयूझ ११ कझाकस्तानात उतरले तेव्हा तेच झाले. पॅराशूट उघडले, यान नीट टेकले, धावत गेलेल्यांनी दार उघडले. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव, पात्सायेव तिघेही आपापल्या आसनांवर निश्चल. यानाचे भाग सुटे होताना हवेचा एक झडप-वाल्व्ह भलत्या वेळी उघडला आणि आतली हवा निघून गेली होती. तिघांना दाटीवाटीने बसवायचे म्हणून दाबयुक्त पोशाख दिलेच नव्हते. त्यानंतर पोशाख सक्तीचे झाले आणि जागेसाठी कित्येक वर्षे सोयूझमधून दोघांनाच पाठवले गेले. तीन माणसे, परतलेले यान आणि उघडलेले दार. नीलने हे चित्र अठरा वर्षे आधी स्टुडिओत मांडले होते. कारण त्याचे वेगळे होते, पण दार उघडतानाची ती भीती तीच.

त्या लेखकांच्या चुका झाल्या, हे मान्य. त्यांच्या यानांवर उल्का येता-जाता आदळतात. महिनोन्‌महिने वजनरहित राहून हाडे झिजतात, हे फारसे कुठे येत नाही. कोलंबियाच्या पंखाला फोमच्या तुकड्याने भोक पडेल आणि कल्पना चावलासह सात जण जातील, हेही कुणाला सुचले नसते. पण यंत्र साध्या गोष्टीने दगा देते, एकटेपणाने माणूस मोडतो आणि खाली वाट पाहणाराही त्या प्रवासात असतोच, या तीन गोष्टी त्यांनी नेमक्या हेरल्या होत्या.

आपल्याला एक विनंती आहे. गगनयानाच्या बातम्यांत फुले, पेढे आणि टाळ्या भरपूर येतात, त्यांचा आनंद मलाही होतो. पण २१ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून जी मोठी चाचणी घेतली ती अंतराळवीरांना रॉकेटपासून ओढून दूर नेणाऱ्या यंत्रणेची. ती कशी चालते, किती सेकंदांत काय घडते, हे आकृतीसह अर्धे पान छापावे. माणसे घेऊन पहिले उड्डाण होईल त्या दिवशीच्या अंकात तर ते हवेच. जमिनीवर बसून त्या पडद्यांकडे डोळे लावणाऱ्यांविषयीही दोन रकाने द्यावेत.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त सुरक्षा अधिकारी), डोंबिवली