व्यसनमुक्तीच्या नावाखाली कोंडून ठेवणे थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातला माणूस दारूच्या पार आहारी गेला, उपचाराला तयारच होईना, की घरचे हताश होऊन 'केंद्रवाल्यांना' फोन लावतात. माझ्या बहिणीनेही तेच केले. रात्री गाडी आली, चौघांनी भाच्याला उचलून नेले. बहिणीची कोऱ्या कागदावर सही घेतली आणि तीन महिने भेटायला यायचे नाही, असे बजावले. कोणत्याही डॉक्टरने त्याला तपासले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. वेळेवर औषधे मिळाली नाहीत तर जीवही जातो. अशा माणसाला डॉक्टर नसलेल्या खोलीत कुलूप लावून ठेवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

मर्जीविरुद्ध दाखल करण्याचा कायदेशीर मार्ग आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था येतात. मात्र नुसता पितो म्हणून कोणाला डांबता येत नाही. त्याने स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला असेल, किंवा स्वतःकडे पाहण्याचीही शुद्ध त्याला उरली नसेल, तरच कलम ८९ लागू होते. मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा तज्ज्ञ अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. पुरुष रुग्णाची माहिती सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे अशा रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या कायदेशीर मंडळाला, कळवायची असते आणि रुग्ण स्वतः त्या मंडळाकडे दाद मागू शकतो. या अटी जाचक आहेत, त्या शिथिल करा, असे काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. २००१ साली तमिळनाडूत एरवाडी येथे लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना तपासायला, त्यांचे म्हणणे ऐकायला कोणी असते तर?

खरी अडचण वेगळीच आहे. बेभान झालेल्या माणसाला रुग्णालयापर्यंत आणायचे कोणी? कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवायलाही मनाई आहे. बहीण पोलिसांकडे गेली तेव्हा 'हा तुमचा घरगुती मामला' एवढेच उत्तर मिळाले. म्हणून तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

अशा वेळी फोन करण्यासाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाचा एक क्रमांक हवा, प्रशिक्षित परिचारकासह रुग्णवाहिका हवी आणि दारू सोडवण्याच्या पहिल्या आठवड्यासाठी राखीव खाटा हव्यात. बळजबरीने माणसे ठेवून घेणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंदणी तपासली जावी. नोंदणी नसलेली केंद्रे बंद करताना आतल्या रुग्णांना आधी सरकारी रुग्णालयात हलवावे, रस्त्यावर सोडू नये. आपल्या वृत्तपत्राने जिल्हावार पुनर्विलोकन मंडळांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक छापले, तर आज रात्री असा फोन करायला निघालेल्या एखाद्या आईच्या ते नक्की उपयोगी पडतील.

आपली नम्र,
एक वाचक