जपानला भाषा शिकायला जाण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी भाची येत्या एप्रिलच्या बॅचला जपानी शिकायला टोकियोला चाललीये, म्हणून हे पत्र. कॉलेजरोडवरच्या एका एजंटने सांगितलं होतं की इथे काही शिकायची गरज नाही, तिकडे गेल्यावर आपोआप येतं, आणि आम्ही तीन महिने त्यावर विसंबून फुकट घालवले हो! खरं तर तिथल्या बहुतेक लँग्वेज स्कूल आधी साधारण 150 तासांचा अभ्यास नाहीतर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन5, म्हणजे सगळ्यात सोपी पातळी तरी मागतात, आणि ती परीक्षा वर्षातून दोनदाच, जुलै आणि डिसेंबरमध्ये. व्हिसाच्या आधी शाळेमार्फत सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेचा दाखला यावा लागतो, त्यालाच काही महिने जातात. पार्टटाइम कामावर सगळा खर्च निघेल हेही खरं नाही, परवानगी घेऊनसुद्धा आठवड्याला 28 तासांचीच मर्यादा आहे.

आता ती रोज पहाटे उठून हिरागाना, काताकाना या जपानी लिप्या गिरवते, प्रत्येकी 46 मूळ अक्षरं, आणि क्रियापद शेवटी येतं ते आपल्या मराठीसारखंच म्हणून वाक्यं पटकन जमतात तिला, कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, मात्र फार छळते. आपल्या सावानाने, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकने, जपानी, जर्मनच्या पुस्तकांचं एक कपाट ठेवावं अशी मनापासून विनंती आहे, गरजू मुलं खूप आहेत.

एक मामा, नाशिकरोड