टाकीच्या झाकणाची तपासणी होते, घरातल्या उजेडाची का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात होऊ घातलेल्या एका पुनर्वसन योजनेची कागदपत्रे पाहायला मी गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयात गेले होते. फाइलमध्ये अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र होते, जल अभियंत्यांचे होते, पर्जन्य जलवाहिन्यांचे होते, झाडांविषयीचेही होते. मी विचारले, "आरोग्य खात्याचं कुठे आहे?" तिथले अभियंते म्हणाले, "मॅडम, कीटकनाशक विभागाचं आहे ना. टाक्यांना डास शिरणार नाहीत अशी झाकणं लावणार आहेत."

या उत्तराला मी नावे ठेवणार नाही, कारण ती झाकणे या शहराने मोठी किंमत मोजून मिळवली आहेत. मुंबईतल्या हिवतापावर डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये आला. विहिरी आणि टाक्यांतले डास हे त्याचे कारण असल्याचे त्यातून पुढे आले आणि पाण्याच्या साठ्यावर घट्ट झाकण असणे हा इथल्या बांधकामाचा नियम होऊन बसला. इमारत उभी राहण्याआधी तिच्यापायी कोण आजारी पडेल, हा प्रश्न आपण शंभर वर्षांपूर्वी डासापुरता विचारला होता. तो पुढे वाढवायचा राहून गेला, हे माझे दुखणे आहे.

महापालिकेच्या एम पूर्व, म्हणजे गोवंडी-मानखुर्दच्या विभागात मी बावीस वर्षे आरोग्यसेविका होते. क्षयरोगाच्या रुग्णांकडे गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का, हे पाहायला घरोघरी जाणे हे माझे काम. पुनर्वसनाच्या एका वसाहतीत तळमजल्यावर दुपारी बारा वाजताही बल्ब लावून बसलेली घरे मी रोज पाहायची. एका घरात आधी मुलगा आजारी पडला, वर्षभराने आई, मग धाकटी सून. मी खिडकी उघडायला सांगितले की आई म्हणायची, "ताई, उघडली की वरून कचरा पडतो, खालून उंदीर येतात. उघडू कशी?" खिडकीबाहेर हाउस गल्ली, म्हणजे दोन इमारतींमधली अरुंद बोळ होती आणि तिच्यापलीकडे दुसऱ्या इमारतीची भिंत. रुग्ण खोकला की जंतू हवेत तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरतात आणि उन्हात मरतात. त्या खोलीत वाराही नव्हता आणि ऊनही नव्हते. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून बरा झालेला माणूस त्याच हवेत परत झोपायचा.

हे माझ्या एकटीचे निरीक्षण नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने आमच्याच भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत यांचा अभ्यास केला होता. पहिल्या दोन वसाहतींत इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे आणि खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. तिथे क्षयरोग जास्त आढळला. पीएमजीपीत इमारती मोकळ्या आहेत, तिथे तो बराच कमी होता.

वाचकांना नवल वाटेल, पण हे अंतर किती असावे याचा हिशेब मुंबईने केव्हाच मांडून ठेवला आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, माणसे पटापट मेली, अर्धे शहर गावाला पळाले. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. जमिनीशी एवढ्या कोनात येणारा प्रकाश खोलीच्या खिडकीपर्यंत अडथळ्याविना पोहोचला पाहिजे, असा तो नियम. साध्या भाषेत, इमारतीच्या उंचीच्या निम्मी जागा समोर मोकळी हवी. सात मजल्यांची इमारत २१ मीटर धरली तर समोर साडेदहा मीटर मोकळे सोडावे लागतील. दादर-माटुंग्याच्या जुन्या वस्तीत आज फिरून पाहा, तळमजल्यावरही दिवसा दिवा लागत नाही. गरिबांच्या इमारतींना मात्र आपण नियमात सवलत देत देत तीन मीटरवर आणून ठेवले. क्षयरुग्णाला पोषण आहारासाठी सरकार महिन्याला १,००० रुपये देते, ही चांगली गोष्ट आहे. पण तो आजारी पडू नये म्हणून परवानगीच्या टेबलावर कोणी काहीच का पाहत नाही?

चेंबूरजवळ तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून असलेल्या माहुलच्या बाबतीत तर पाहायला कागदही समोर होता. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. तरी २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर कुटुंबे तिकडेच पाठवली गेली. तिथे जाण्याची सक्ती करता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २०१९ उजाडले. मधली दोन वर्षे कोणाच्या तरी फुप्फुसांनी भोगली. आता देवनार डम्पिंगची १२४ एकर जमीन धारावीकरांच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरले आहे. १९२७ पासून तिथे कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धुरामुळे आमच्याकडच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या जमिनीतला वायू, पाणी आणि धूर यांचा तिथे राहणाऱ्या मुलांवर काय परिणाम होईल, याचा तपशील पहिली वीट ठेवण्याआधी लोकांपुढे यायला नको का?

पर्यावरण परवानगी असते, असे कोणी म्हणेल. पण २००६ च्या अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतूनच वगळले आहे. म्हणजे ज्यांना त्या घरात राहायचे आहे त्यांना कोणी विचारतच नाही. प्रकल्पामुळे लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल हे आधीच तपासणे, म्हणजे आरोग्यावरील परिणामांचे मूल्यमापन, मी मागते आहे; ती काही माझी कल्पना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९९९ मध्ये गोथेनबर्ग येथे त्याची चौकट ठरली. थायलंडने २००७ च्या राज्यघटनेत त्याला जागा दिली आणि वेल्सने २०१७ मध्ये त्याचा कायदा केला.

आधीच परवानग्यांना वर्षे लागतात, त्यात आणखी एक कागद कशाला, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून मी नवे खाते मागत नाही. विभागाचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी आहेतच, कोणत्या इमारतीच्या कोणत्या मजल्यावर किती रुग्ण आहेत याच्या नोंदी त्यांच्या दवाखान्यांत आहेतच. योजनेचा आराखडा त्यांच्याकडे जावा. सर्वांत खालच्या घरात डिसेंबरात किती तास ऊन येईल, वारा कुठून शिरेल, बांधकामाची धूळ शेजारच्या शाळेवर जाईल का, जवळचा दवाखाना किती लांब, एवढे त्यांनी सहीनिशी लिहावे आणि ते मराठी, हिंदी, उर्दूत वस्तीत लावावे. सुनावणी रविवारी घ्यावी. कामाच्या दिवशी सकाळी अकराला घरकाम करणाऱ्या बायका कशा येणार? आणि लोक राहायला गेल्यावर दोन वर्षांनी त्याच अधिकाऱ्यांनी पुन्हा जाऊन मोजावे.

मी पाहिलेल्या त्या आराखड्यात दोन इमारतींमधले अंतर पुन्हा तीनच मीटर आहे. माझी हरकत मी लेखी दिली आहे आणि पोच घेतली आहे. सुनावणीला बोलावणे आले तर तळमजल्यावर राहिलेल्या चार जणी माझ्याबरोबर यायला तयार आहेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, गोवंडी, मुंबई