सूचना: आवारातल्या गस्ती रोबॉटबद्दल शनिवारी बैठक

नमस्कार मंडळी,

आपल्या कॉम्प्लेक्सचं मॅनेजमेंट पार्किंग आणि मुलांच्या खेळाच्या जागेत गस्ती रोबॉट चाचणीसाठी आणतंय. त्याची बैठक शनिवारी सकाळी 11 वाजता क्लबहाउसमध्ये आहे. प्रत्येक घरातून निदान एकाने यावं. भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांनाही आणा. दिवसभर बाहेर नातवंडांमागे तेच असतात.

जुलै 2016 मध्ये इथेच, पालो आल्टोच्या स्टॅनफर्ड शॉपिंग सेंटरमध्ये, सुमारे 300 पौंडांच्या अशाच रोबॉटच्या धडकेत 16 महिन्यांचं बाळ पडलं. मूलच धावत आडवं आलं, असं कंपनी म्हणाली. रोबॉट पायावरून गेला, असं आईवडील. 2019 मध्ये लॉस एंजेलिसजवळ हंटिंग्टन पार्कच्या बागेत मारामारी चालू असताना एका बाईने रोबॉटचं आपत्कालीन बटण दाबलं. तो तिलाच ‘बाजूला व्हा’ म्हणत राहिला. बटण पोलिसांशी जोडलेलंच नव्हतं!

बैठकीत विचारायचं:
- बटण दाबल्यावर फोन नेमका कोणाकडे जातो?
- शाळा सुटल्यावर मुलं खेळतात तेव्हा तो बंद ठेवणार का?
- रोबॉटच्या कॅमेऱ्याने टिपलेले गाड्यांचे नंबर आणि चित्रण किती दिवस ठेवणार?
- इजा झाली तर जबाबदारी कोणाची?

रोबॉट आला तर नुकत्याच चालू लागलेल्या मुलांचा हात सोडू नका. अडचणीत थेट 911 (इथला आपत्कालीन मदतीचा नंबर) लावा, बटणाच्या भरवशावर राहू नका. मोठ्या मुलांना त्याला ढकलायची हुक्की येणारच. आधीच दम देऊन ठेवा.

आणखी प्रश्न शुक्रवारी रात्रीपर्यंत इथेच टाका.