मॉनिटर माझ्याकडे वळवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तुमच्या दाराशी रांग लागेल आणि तुम्ही मलाच चार शब्द सुनवाल. कॉलेजातून विद्यापीठात जायची वाट दाखवणाऱ्या ट्रान्सफर सेंटरच्या कोपऱ्यातल्या त्या टेबलाशी जो कुणी बसून गेलाय त्याला मात्र बरोबर कळेल.

कम्युनिटी कॉलेजातून सॅन होजे स्टेट विद्यापीठात कम्युनिकेशन स्टडीजला, थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला हे तुम्हाला ईमेलनं कळवलं होतं. तुमचं उत्तर आलं, ‘छान. आता अभ्यास कर.’ बस, एवढंच. तुमचं भागलं असेल ताई, माझं नाही भागलं. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

आमच्या लोकांना कम्युनिटी कॉलेज म्हटलं की जरा तोंड वाकडं करायची सवय आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी साताऱ्याहून एस.वाय.बी.ए. अर्धवट टाकून लग्न करून कॅलिफोर्नियात, सनीवेलला आले. ग्रीन कार्ड आल्यावर कॉलेजात नाव घातलं, तर गणपतीच्या आरतीला एका काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, “तिथे काय, कुणालाही घेतात ना?” हो काकू, कुणालाही घेतात. त्यासाठीच तर ती काढली आहेत. कॅलिफोर्नियानं 1960 साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला तेव्हाच ठरलं होतं की ज्याला शिकायचंय त्याला इथे दार उघडं, आणि दोन वर्षं नीट केली की पुढे विद्यापीठात जायची वाट. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे 46 डॉलर. (युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं इथलं माप.) ज्या पोरांची आयटीतली आईबापं पहिल्या वर्षापासून विद्यापीठाची फी भरतात, त्यांच्यातलेही कितीतरी उन्हाळ्यात गुपचूप इथे येऊन कॅल्क्युलस उरकून जातात. त्याची चर्चा आरतीला होत नाही.

विषयाबद्दल तर बोलायलाच नको. “कम्युनिकेशन? म्हणजे बोलायला शिकायचं? तू तर आधीच किती बोलतेस!” हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता मीच आधी करून टाकते.

पण हे सगळं बाहेरच्यांचं. खरा घोळ झाला तो आतल्या माणसामुळे, ज्याला पगारच वाट दाखवण्याचा मिळतो. त्याचं आणि त्याच्या ऑफिसचं नाव मी घेणार नाही. आधी मी क्वार्टरवाल्या, म्हणजे छोट्या सत्रांच्या कॉलेजात होते, घर बदललं तशी सेमिस्टरवाल्या, म्हणजे लांब सत्रांच्या कॉलेजात आले. क्वार्टरचे तीन युनिट म्हणजे सेमिस्टरचे दोन, हे तिथल्या पाटीवर लिहावं इतकं साधं गणित. माझे क्वार्टरचे 36 होते, म्हणजे 24 धरायचे. या गृहस्थांनी सरळ 36 धरले, इथल्या युनिटांत मिळवून बेरीज विद्यापीठात जायला लागतात त्या 60 वर नेली आणि म्हणाले, “यू शुड बी फाइन.” स्प्रिंगमध्ये, म्हणजे पुढच्या सत्रात, काही घ्यायची गरज नाही, तुमचं झालंय. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आणि हे सगळं करताना मॉनिटर कायम त्यांच्या बाजूला. मला दिसायची ती त्याची काळी पाठ, धुळीनं भरलेली, आणि वर चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठी. माझंच शिक्षण, माझेच गुण, माझेच युनिट, आणि वाचतंय कोण? ते. साताऱ्याला कॉलेजच्या ऑफिसात खिडकीच्या जाळीतून क्लार्कचं डोकं तेवढं दिसायचं, अगदी तेच.

मग तुम्ही. मी तुमच्याकडे खरं तर अर्जाच्या फीबद्दल विचारायला आले होते. ऑक्टोबर संपत आला होता, कॅल स्टेटचे, म्हणजे सॅन होजे स्टेट ज्यात येतं त्या सरकारी विद्यापीठांचे, अर्ज सुरू होते. तुम्ही माझं नाव टाकलंत, पान उघडलं, आणि काहीही बोलायच्या आधी मॉनिटर दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे वळवलात. त्याची वायर तुमच्या चहाच्या कपात अडकली, ती सोडवलीत. मग माऊससुद्धा माझ्या हाताशी सरकवलात आणि म्हणालात, “हं, वाच. तुझंच आहे.”

ताई, मला तेव्हा रडू आलं होतं. तुम्ही ॲलर्जी समजून टिश्यूचा डबा पुढे केलात. ॲलर्जी नव्हती.

पुढचं सगळं त्या एका वळवण्यातून निघालं. मीच वाचत होते म्हणून मलाच दिसलं की 36 च्या पुढे दुसऱ्या रकान्यात 24 लिहिलंय. संख्याशास्त्राची जागा रिकामी आहे, हेही मलाच दिसलं. भाषण, लेखन, तर्क आणि गणित, ज्याला तिथे ‘गोल्डन फोर’ म्हणतात, त्यातला चौथा विषय माझ्या खात्यात नव्हताच, आणि त्याच्यावाचून कॅल स्टेटचं दार उघडत नाही. “यू शुड बी फाइन”वर विसंबून बसले असते तर स्प्रिंगभर दुकानात शिफ्टा केल्या असत्या आणि उन्हाळ्यात नकार हातात पडला असता. तुम्ही “अरेरे” केलं नाहीत, की त्या गृहस्थांना नावंही ठेवली नाहीत. मी ठेवत होते, तुम्ही विषय बदललात. 12 युनिट राहिलेत, एका सेमिस्टरमध्ये बसतात, एवढं म्हणालात आणि वेळापत्रक उघडलंत. बाकी तुम्हाला माहीतच आहे.

साताऱ्याच्या शिक्षणाचं काय होईल, हे मी विचारलं होतं. तुम्ही खोटी आशा लावली नाहीत. म्हणालात, “बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायला पैसे पडतील, आणि त्यातलं किती धरतील याची खात्री मी देणार नाही. आधी हे पूर्ण कर.” वाईट वाटलं. पण ज्याच्या नकारावर विश्वास ठेवता येतो, असं माणूस मला त्या इमारतीत पहिल्यांदाच भेटत होतं.

एक गोष्ट लोकांना सांगायलाच हवी, नाहीतर म्हणतील, मराठी बाईनं मराठी मुलीला मदत केली, त्यात काय विशेष. माझ्या आधी तुमच्यासमोर एक व्हिएतनामी मुलगा बसला होता. मी बाकावरून पाहत होते. त्याच्याकडेही तुम्ही मॉनिटर असाच वळवला होता. माझ्याशी तुम्ही मराठीत बोललात ते नंतर, मॉनिटर त्याच्याही आधी वळून झाला होता.

मला वाटतं, चांगुलपणा म्हणजे लोक उगाच काहीतरी भव्य समजतात. देणग्या, सत्कार, शाली. आमच्या मंडळात दरवर्षी दोन-तीन शाली दिल्या जातात, आणि त्या माणसांनी कामं केलेली असतात, मी नाही म्हणत नाही. पण ज्याच्या हातात माहिती आहे त्यानं ती समोरच्याला वाचू देणं, त्याला वेड्यात न काढणं, हे शाली मिळण्याच्या यादीत कधी येत नाही. फुकट असतं ना! हाताला फार तर वायर सोडवायचे कष्ट.

आता रोज 22 नंबरच्या बसनं एल कमिनो रस्त्यावरून सॅन होजेला जाते. किंग लायब्ररीत बसते. ती शहराची आणि विद्यापीठाची मिळून एकच आहे, त्यामुळे शेजारी कधी पीएचडीवाला असतो, कधी पेपर वाचणारे आजोबा. परवा वर्गात देहबोलीवर चर्चा निघाली, सरांनी उदाहरण मागितलं. मी तुमच्या मॉनिटरचं दिलं. माझ्या ॲक्सेंटसकट. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, तेव्हा त्या आरतीच्या काकू मागच्या बाकावर हव्या होत्या असं फार वाटलं.

आणि एक काम आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये नांदेडची एक मुलगी राहायला आलीये. तिच्याकडेही क्वार्टरचे युनिट आहेत, आणि तिलाही कुणीतरी “काळजी करू नका” म्हणून सांगितलंय. मंगळवारी तिला तुमच्याकडे पाठवतेय. दोन्ही कॉलेजांच्या ट्रान्स्क्रिप्ट घेऊन यायला सांगितलंय. जरा बुजरी आहे, पहिली दहा मिनिटं नुसती मान हलवेल. तिच्याबरोबर भाकरवडीचा डबा देतेय. ऑफिसात भेटवस्तू चालत नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून तो सगळ्या टेबलांसाठी आहे असं तिला म्हणायला शिकवलंय.

तुमची,
सनीवेलची विद्यार्थिनी